चुन्याची रेघ : तंजावरच्या ताडीचा इतिहास

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवर राजराज चोळाने देवाला दिलेल्या गावांची नोंद आहे. प्रत्येक गावाचे क्षेत्र किती, त्यातून देवस्थानाला भात किती यायचा, याचा हिशेब दगडात कोरलेला आहे. हिशेब धरताना काही जमीन वगळली जाते. तळी, पाण्याचे पाट, स्मशान, कारागिरांची वस्ती अशा वगळलेल्या जमिनींच्या यादीत अधूनमधून 'ईळच्चेरी' हा शब्द येतो. ईळवर म्हणजे ताड-माडावर चढून रस उतरवणारे लोक, आणि ईळच्चेरी म्हणजे त्यांची वस्ती. भारतातील एका भव्य मंदिराच्या भिंतीवर ताडी उतरवणाऱ्यांचा उल्लेख आहे खरा, पण तो करमाफ जागेच्या यादीत आहे.

त्या काळातील ताम्रपट वाचले, की या व्यवसायाकडे राज्यसत्ता कशी पाहत होती हे आणखी स्पष्ट होते. ताडावर चढणाऱ्यांवर 'ईळम्पूट्चि' नावाचा कर होता. दान दिलेल्या काही गावांच्या सनदांमध्ये, या गावातील नारळीवर आणि ताडावर ईळवरांनी चढू नये, अशी अटही घातलेली आढळते. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही शासनाला या रसाविषयी दोनच गोष्टी सुचत होत्या, कर आणि मनाई. पुढच्या इतिहासात या दोन गोष्टींची नुसती अदलाबदल होत राहिली.

पेय मात्र त्याहून जुने आहे. संगम साहित्यात 'कळ्ळु' वारंवार येते. राजा आणि कवी एकत्र बसून ते पितात, आणि अव्वैयार यांच्या नावावरील एका शोकगीतात दिवंगत राजा अदियमानची आठवण या पेयासह निघते. हे गीत ज्या 'पुरनानूरु' संग्रहात आहे, तो १८९४ मध्ये छापून प्रसिद्ध करणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर त्या वेळी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमच्या महाविद्यालयात तमिळ शिकवत होते. जुन्या ताडपत्रांवरील अक्षरे ताडून पाहत त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. पाने ताडाची होती, आणि त्यांवर जे लिहिले होते त्यातही ताडाचा रस होता.

या एका झाडाच्या दोन वाटा तंजावरात जशा दिसतात तशा इतरत्र क्वचितच दिसतील. ताडाचे पान सुकवून, उकळून, घासून त्यावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरली जात. अशी हजारो पोथीपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. पान राजवाड्यात गेले आणि रस गावकुसाबाहेर राहिला.

झाडातून रस निघतो कसा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ताडाच्या खोडाला खाच पाडून काही मिळत नाही. त्यासाठी शेंड्यापर्यंत चढून कोवळी पोय शोधावी लागते. ती लाकडी चिमट्याने हळूहळू दाबून मऊ करायची, दोरीने आवळून बांधायची आणि मग टोकाचा पातळ काप काढायचा. कोकणातले भंडारी माडाच्या पोयीवर हेच करतात आणि त्याला 'छेव देणे' म्हणतात. काप रोज सकाळ-संध्याकाळ नव्याने द्यावा लागतो. एक दिवस चुकला तर धार मंदावते, काही दिवस चुकले तर ती पोय वाया जाते.

यामागचे कारण वनस्पतिशास्त्राला विसाव्या शतकात उमगले. पानांत तयार झालेली साखर झाडभर वाहून नेणाऱ्या नलिकांमध्ये दाब असतो. साखर जिथे भरली जाते तिथे परासरणाने पाणी आत येते, दाब वाढतो आणि रस कमी दाबाच्या दिशेने ढकलला जातो. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट म्युन्श यांनी १९३० मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. ताडाच्या रसात लिटरमागे सुमारे १२० ग्रॅम साखर धरली, तर ३० अंश सेल्सियसला परासरण दाब जवळजवळ ९ वातावरण इतका येतो. कोणताही पदवी-विद्यार्थी हे गणित वहीच्या समासात करू शकेल. हा दाब नुसता पाण्याचा स्तंभ उचलण्यास वापरता आला असता, तर तो नव्वद मीटर उंच गेला असता. जखम झाली की झाड या नलिकांची तोंडे बुजवू लागते, म्हणून रोज नवा काप. चढणाऱ्याला म्युन्श ठाऊक नव्हते, पण झाड जखम बुजवते आणि आपण ती पुन्हा उघडायची, हा व्यवहार त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

मडक्यात पडताना रस गोड, पारदर्शक आणि जवळजवळ उदासीन असतो, आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही. इथेच तो युरोपातील त्याच्या भावंडांपासून वेगळा पडतो. इंग्लंडच्या पश्चिम भागात सफरचंदाचा रस आंबवून सायडर आणि एका विशिष्ट तुरट नाशपातीचा रस आंबवून पेरी करतात. तिथेही पारंपरिक पद्धतीत बाहेरून यीस्ट घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि लाकडी चरकावर असलेले यीस्टच काम करते. परंतु सफरचंदाचा रस मुळात आम्ल असतो, आणि ते आम्लच त्याचे पहारेकरी ठरते. बहुतेक उपद्रवी जिवाणू त्यात टिकत नाहीत, यीस्ट टिकते. शिवाय सायडर शरद ऋतूत पिंपात भरतात. थंडीत रस सावकाश आंबत राहतो आणि त्याला महिने लागतात. पेरीची आणखी एक गंमत आहे. नाशपातीत सॉर्बिटॉल नावाची शर्करासदृश गोष्ट असते. ती यीस्टला पचत नाही, म्हणून पेरी पूर्ण आंबली तरी किंचित गोड राहते.

तंजावरच्या उन्हात, तिशीच्या वर गेलेल्या तापमानात, आम्लाचा पहारा नसलेल्या रसाला असा निवांतपणा नाही. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि जिवाणूंची वाढही मर्यादेपर्यंत तोच कल दाखवते. मडके उतरवण्याआधीच त्यात वस्ती झालेली असते. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आधी रस आंबट करतात. त्या आंबटपणात यीस्ट जोर धरते, साखरेचे अल्कोहोल होते, रस दुधाळ होऊन फेसाळतो. त्यानंतर ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणू हवेच्या साहाय्याने त्या अल्कोहोलचे व्हिनेगर करू लागतात. पहाटेचे गोड पेय दुपारी ताडी झालेले असते आणि एक-दोन दिवसांत ते स्वयंपाकघरातच शोभेल इतके आंबट होते. गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकातले माडाचे व्हिनेगर ही याच प्रवासाची शेवटची पायरी आहे. तिथले पोदेर पूर्वी पाव फुगवायला माडाचीच 'सूर' वापरत, म्हणजे मधली पायरी बेकरीत गेली.

या मडक्यात एक जिवाणू असा आहे, की सायडर आणि ताडी यांची गाठ तोच घालून देतो. ब्रिस्टलजवळील लाँग ॲश्टन येथील संशोधक बार्कर आणि हिलियर यांनी १९१२ मध्ये 'सायडरचा आजार' या नावाने एका बिघाडाचे वर्णन केले. कमी आम्लाचे, गोड सायडर अचानक जोराने फसफसते, गढूळ होते, त्याचा वास बिघडतो. दोषी एक जिवाणू होता. पुढे १९२०च्या दशकात पाउल लिंडनर यांना मेक्सिकोत घायपाताच्या रसापासून होणाऱ्या 'पुल्के' या पेयात त्याच जातकुळीचा जिवाणू सापडला. आज त्याला झायमोमोनास मोबिलिस म्हणतात. उष्ण प्रदेशांतील ताडीमध्ये तो सर्रास आढळतो. यीस्ट एका ग्लुकोजच्या रेणूमागे दोन एटीपी कमावते, हा जिवाणू वेगळ्या मार्गाने जाऊन एकच कमावतो. कमाई कमी म्हणून त्याची स्वतःची वाढ बेताची होते, आणि साखरेचा फार मोठा भाग सरळ अल्कोहोलमध्ये उतरतो. जैवइंधनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना त्याचे जे आकर्षण आहे ते याच उधळेपणामुळे. एकच जीव, पण इंग्लंडच्या पिंपात तो रोग ठरला आणि उष्ण प्रदेशातील मडक्यात कारागीर.

लाँग ॲश्टन हे नाव इथे सहज आलेले नाही. १९०३ मध्ये तिथे फळे आणि सायडर यांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. शेतकऱ्याच्या घरगुती पेयासाठी सूक्ष्मदर्शक, रसायनशाळा आणि पगारी शास्त्रज्ञ! त्याला पूर्वपीठिकाही होती. अठराव्या शतकात डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना पोटशुळाचा आणि लकव्याचा विकार होत असे. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या वैद्याने रासायनिक चाचणीने दाखवून दिले, की दोष सायडरचा नाही. चरकात वापरलेले शिसे आम्ल रसात विरघळते, आणि विकार त्या शिशाचा आहे. शिसे काढल्यावर विकार ओसरला. सायडरवर सरकारने करही लादून पाहिला होता. १७६३चा तो कर लोकक्षोभामुळे तीन वर्षांत मागे घ्यावा लागला. पेयाने अपाय होतो म्हटल्यावर नेमका कशाने होतो हे शोधण्याची ही सवय ताडीच्या वाट्याला आली नाही.

मराठ्यांचे राज्य तंजावरात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापिले. अन्नविषयक लेखनाची या दरबाराला हौस होती. रघुनाथ गणेश नवहस्ते यांचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ व्यंकोजींची राणी दीपाबाई यांच्या आश्रयाशी जोडला जातो. आयुर्वेद आणि धर्मशास्त्र यांच्या आधारे खाद्यपेयांचे गुणदोष सांगणारा तो एक कोशच आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात धन्वंतरी महालात औषधींचे प्रयोग झाले, पाककृती लिहून ठेवल्या गेल्या. आंबवण्याची क्रिया वैद्यांना परकी नव्हती. आसवे आणि अरिष्टे ही आंबवूनच होतात, आणि त्यांत घातली जाणारी धायटीची फुले आपल्यासोबत यीस्ट घेऊन येतात. काढा बरणीत घालून, तोंड बंद करून आंबवला तर ते औषध, पोयीचा रस मडक्यात आंबला तर ती ताडी. सूक्ष्मजीवांना या भेदाची काहीच कल्पना नसते. पण उपकरणांची, पुस्तकांची आणि शस्त्रक्रियांची आवड असलेल्या सरफोजींनाही सूक्ष्मजीव भेटणे शक्य नव्हते. त्यांचे निधन १८३२ मध्ये झाले. यीस्ट सजीव आहे हे काग्न्यार द ला तूर आणि श्वान यांनी मांडले ते १८३७च्या सुमारास, आणि पास्तरचे किण्वनावरील पहिले निबंध आणखी वीस वर्षांनी आले.

तोवर तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला होता. १७९९च्या तहाने राजाकडे किल्ला आणि त्याचा परिसर तेवढा उरला, १८५५ मध्ये तोही संपला. नव्या सत्तेने ताडाकडे महसुलाच्या नजरेने पाहिले. १८८६च्या मद्रास अबकारी कायद्यानंतर झाडागणिक कर बसवण्याची पद्धत रूढ झाली. झाडे मोजली गेली, पण मडक्यात काय घडते हे कोणी मोजले नाही. एकाच साम्राज्यात ब्रिस्टलजवळ सायडरला शास्त्रज्ञ मिळाले आणि कावेरीच्या काठी ताडीला अबकारी शिपाई.

या शिपायाला मात्र एका रासायनिक गोष्टीवर विसंबावे लागले, आणि ती गोष्ट झाडावर चढणाऱ्यांचीच होती. गूळ करायचा असेल तर रस आंबू देऊन चालत नाही. त्यासाठी मडक्याला आतून चुना फासतात. चुन्याचे संपृक्त पाणी अतिशय अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२च्या वर जातो. त्यात यीस्ट आणि जिवाणू दोघेही हतबल होतात. शिवाय आम्लात ऊसशर्करेचे जे विघटन होते तेही टळते, आणि म्हणून गुळाची ढेप नीट बसते. असा चुनाळ, गोड रस म्हणजे तमिळमधील 'पदनीर', मराठीतली नीरा. तो आटवला की 'करुप्पट्टी', ताडगूळ. कायद्याने नेमका हाच फरक उचलला. चुना असलेले मडके कायदेशीर, चुना नसलेले मडके परवान्याचे किंवा गुन्ह्याचे. झाड तेच, पोय तीच, माणूसही तोच.

वस्तुतः गोड रस आणि ताडी यांच्यात निसर्गाने कुठेही सीमा आखलेली नाही. साखर उतरत जाते, अल्कोहोल चढत जाते, आणि ही रेषा पहाटेपासून संध्याकाळपर्यंत सलग असते. कायद्याला सलग रेषा चालत नाही, त्याला एक बिंदू लागतो. तो बिंदू त्याने मडक्याच्या आतल्या पांढऱ्या लेपात शोधला. चुना कमी पडला, पावसाने धुऊन गेला किंवा उन्हाने घाई केली, तर चढणारा माणूस काही तासांत कारागिराचा आरोपी होत असे.

या वादात तंजावरने एक महत्त्वाचा माणूस दिला, आणि त्याची कर्मभूमी महाराष्ट्र ठरली. जोसेफ चेल्लदुरै कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा गृहस्थ गांधीजींच्या सहवासात आला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून वाहिली. ताडगूळ हा संघाच्या आवडत्या उद्योगांपैकी एक. कुमारप्पांचा युक्तिवाद हिशेबनीसाला साजेसा होता. उसाला उत्तम जमीन आणि भरपूर पाणी लागते, तीच जमीन धान्याला मिळायला हवी. ताड बांधावर, पडीक जमिनीवर, न मागता उभा असतो. मग साखर ताडापासूनच का घेऊ नये? कावेरीच्या भातशेतांच्या बांधांवर ताड पाहत वाढलेल्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. दारूबंदीने बेकार होणाऱ्या ताडी उतरवणाऱ्यांना त्याच झाडावर दुसरे काम मिळेल, हाही हेतू होता. मात्र कागदावर जुळलेला हा हिशेब चुलीपाशी अडत असे. रसाचा मोठा भाग पाणी असतो, आणि ते उडवायला सरपण लागते. एक किलो गूळ म्हणजे सात-आठ लिटर रस आटवणे. ताडी विकणाऱ्याला सरपणाचा खर्च नसतो, कारण त्याचे काम सूक्ष्मजीव फुकट करतात.

मद्रास प्रांतात दारूबंदीचा आरंभ राजाजींच्या मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात केला, आणि २ ऑक्टोबर १९४८ पासून ती प्रांतभर लागू झाली. त्यानंतरचा इतिहास उघडझापीचा आहे. १९७१ मध्ये बंदी उठली, १९७३-७४ मध्ये परत आली, १९८१ मध्ये पुन्हा शिथिल झाली, आणि १ जानेवारी १९८७ पासून तमिळनाडूत ताडी पुन्हा बंद आहे. दरम्यान कारखान्यात ऊर्ध्वपातन केलेली दारू मात्र राहिली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाकडे २००३च्या अखेरीस तिच्या किरकोळ विक्रीचाही मक्ता आला. योगायोग असा, की त्याच वर्षी, बरोबर शंभर वर्षांनी, लाँग ॲश्टनची संस्था बंद झाली.

रसातील साखर पूर्णपणे आंबली तरी ताडीतील अल्कोहोल गणिताने आकारमानाच्या सुमारे ८ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात ते पुष्कळ कमी भरते. बाटलीतली दारू ४० टक्क्यांच्या वर असते. याचा अर्थ ताडी निरुपद्रवी आहे असा नव्हे. अल्कोहोल कोणत्याही पेयातून आले तरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या वर्गातील कर्करोगकारक आहेच. शेजारच्या तेलंगणात पातळ ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेची औषधे मिसळल्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत. बंदीच्या समर्थकांची ही भीती पोकळ नाही. पण या भेसळीवर बेकरच्या पद्धतीचे, म्हणजे विष नेमके ओळखून काढून टाकणारे उत्तरही संभवते, आणि त्याला गावपातळीवरची तपासणी लागते. ताज्या, न आंबलेल्या रसालाही निर्दोषपणाचे प्रमाणपत्र देता येत नाही. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस प्यायल्याने निपाह विषाणूची लागण झालेली आहे. रात्री मडक्यावर वटवाघळे येतात, आणि पोयीवर बांबूची जाळी बांधणे हा तिथला साधा उपाय आहे.

आता चुन्याची जागा थंडी घेऊ लागली आहे. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने माडाची पोय बर्फाने वेढलेल्या पेटीत सोडण्याची युक्ती काढली. रस थेंबाथेंबाने उतरतो तोच थंड होतो, चुना लागत नाही, आणि आंबण्याचे घड्याळ जवळजवळ थांबते. या रसाला 'कल्परस' असे नाव दिले आहे. तमिळनाडूने २०१७ मध्ये माडाची नीरा काढण्यासाठी नियम केले, तेही रस आंबता कामा नये या अटीवर. १९६७ मध्ये भातावरील संशोधनातून उगम पावलेली तंजावरची संस्था आज राष्ट्रीय महत्त्वाची अन्नतंत्रज्ञान संस्था आहे. भात, भरडधान्ये, फळे, नारळ यांवर काम करायला तिथे उपकरणांची वाण नाही.

बर्फाची पेटी माडावर चढवता येते, कारण माड बागेत असतो आणि मालक तिचा खर्च करतो. शेताच्या बांधावरच्या उंच ताडाला ती परवडत नाही. तिथे जानेवारीनंतर पोय फुटू लागली, की अजूनही कोणीतरी पायांत दोरीचा फास अडकवून, कमरेला विळा आणि चुन्याची डबी बांधून उजाडण्यापूर्वी वर चढतो. मडके उतरवण्याआधी तो आत बोट फिरवून पाहतो, लेप शाबूत आहे की नाही.